वरच्या मजल्यावरची ताई आणि माझे गमबूट

मला चिखलाचं वावडं नव्हतं. वावडं होतं ते आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईचं. होक्काइदोच्या त्या दलदलीत, गुडघ्यापर्यंत गमबूट चढवून, या वयात तू कशाला गेलीस, असं पुण्याहून बहिणीनं विचारलं तेव्हा मी तिला निसर्ग वगैरे काहीतरी सांगितलं. खरं कारण एकच होतं. माझी मुलगी त्या बाईबरोबर एकटी जाणार होती, आणि ते मला सहन होत नव्हतं.

आम्ही जपानमध्ये, तोक्योजवळच्या उरायासुला राहतो. मुलगी बालवाडीच्या वयाची असताना नवऱ्याच्या प्रोजेक्टसाठी 'दोनच वर्षं' म्हणत आलो आणि राहिलो. मुलगी आता इथल्या हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला. मराठी तिला सगळी कळते, पण ती बोलत नाही. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते. माझं जपानी म्हणजे स्टेशन, दुकान, डॉक्टर आणि कुठल्या वारी कुठला कचरा, एवढंच. त्यामुळे तिचं निम्मं बोलणं मला कळतं आणि निम्मं मी चेहऱ्यावरून ओळखते. शाळेत काय झालं? 'बेत्सुनी.' म्हणजे काही विशेष नाही. रडून डोळे सुजलेत, काय झालं गं? बेत्सुनी. या एका शब्दाशी मी इतकी वर्षं भांडत आले आहे.

आणि हीच मुलगी वर गेली की तासन्‌तास बोलते. मी खाली पोळ्या लाटत असते आणि वरून खिदळणं ऐकू येतं. अंगाचा नुसता तिळपापड होतो.

ती बाई मूळची कोल्हापूरची. आधी नागोयाला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर होती, आता योकोहामाला नोकरी करते. लग्न केलेलं नाही. शनिवार उजाडला की पाठीवर सॅक टाकून कुठल्यातरी डोंगरावर. जपानी असं बोलते की फोनवर कुणाला ती परकी वाटू नये. मला पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणते, 'काय वहिनी, झालं का जेवण?' असं जिन्यातनं ओरडून. मी तिला अहो-जाहो करते. अजूनही करते. माझ्याहून फार तर दोन-तीन वर्षांनी लहान असेल, पण आमची मुलगी इमारतीतल्या बाकी सगळ्या बायकांना काकू म्हणते आणि हिला तेवढी ताई. एकदा मी म्हटलंसुद्धा, "अगं, त्या माझ्या वयाच्या आहेत. मावशी म्हण." तर ती बाईच म्हणाली, "असू दे की वहिनी. ताई म्हटलं की मला बरं वाटतंय." वाटणारच! मला कुणी ताई म्हटलं तर मलाही वाटेल.

मे महिन्यात नवऱ्याचं ठरलं. पुढच्या मार्चमध्ये इथलं काम संपणार आणि आम्ही पुण्याला परत जाणार. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. मुलीला जेवताना सांगितलं. तिनं घास ताटात ठेवला आणि नवऱ्याकडे बघून जपानीत भराभर काहीतरी बोलली. मला त्यातलं 'ताई' आणि 'शाळा' एवढंच कळलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"शाळेचं शेवटचं वर्ष इथंच करते म्हणते. वर ताईकडे राहते म्हणते." मग तिच्याकडे वळून तो म्हणाला, "विषय बंद."

नवरा तसा मवाळ आहे. वर्षाकाठी एखाद्या वेळी विषय बंद म्हणतो, पण म्हटलं की झालं, मग कुणाची टाप नाही. मुलगी उठून खोलीत गेली. माझ्या डोक्यात मात्र तेच घुमत राहिलं. ताईकडे राहते म्हणजे काय? म्हणजे त्या दोघींचं आधीच बोलणं झालेलं होतं. माझी पोर पुढच्या वर्षी कुठे राहणार हे त्या बाईला माझ्याआधी ठाऊक होतं. त्यानंतर मुलीनं पुन्हा तो विषय काढला नाही, आदळआपट केली नाही, रुसलीही नाही. मला तेच खटकलं. आमची मुलगी एवढ्या सहजासहजी गप्प बसणारी नाही, ती काहीतरी शिजवत असणार.

जूनमध्ये ती बाई खाली आली. सुट्टी लागली की होक्काइदोच्या पार टोकाला, शिरेतोकोला जायचंय, म्हणाली. तिथं डोंगरात एक तळं आहे, त्याच्यापर्यंत एका दिवसाची चाल. वाट सगळी दलदलीची, त्यात अस्वलं, म्हणून गाइड घेऊनच जायचं. "पोरीला लई दिवसांपासनं यायचंय. नेऊ का, दादा?" असं तिनं विचारलं, तेही नवऱ्याला. नवऱ्याला वाटलं, चला, पोरीची समजूत पटेल. तो लगेच हो म्हणाला.

दोन मुक्काम, दोघीच. परत येतील तेव्हा सगळं पक्कं ठरवूनच येतील, आणि मी विमानतळावर हार घेऊन उभी राहू काय?

"मीपण येते," मी म्हटलं.

नवरा माझ्याकडे बघायला लागला. पहिल्या मजल्यावर जायला लिफ्टची वाट बघणारी बाई मी. मुलीचा चेहरा पडला, तो मी नीट बघून ठेवला. आणि ती बाई? तिनं टाळीच वाजवली. "या की वहिनी! लई मजा येईल." तिला राग आला असता तर मला किती बरं वाटलं असतं!

मग तयारी सुरू झाली. म्हटलं, आपण कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. मी एकटी ट्रेननं तोक्योला गेले आणि एका मोठ्या दुकानातून डोंगरात घालायचे बूट घेऊन आले. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, तपकिरी, कातडी. दुकानातल्या मुलानं मान हलवून हलवून सांगितलं की हे फुजी पर्वत चढून आल्यावरसुद्धा टिकतील. घरी आल्यावर खोका मुद्दाम जेवणाच्या टेबलावर ठेवला. मुलीनं झाकण उघडून एक नजर टाकली आणि म्हणाली, "मुरी." म्हणजे चालणारच नाही. का, ते सांगितलं नाही. ते सांगायला वरची बाई आली.

"बूट लई भारी हायेत, वहिनी. पण तिथं बर्फ वितळून वाटेत पाणी साचतंय बघा, घोट्याच्या वर काळा चिखल. ह्यात पाणी वरनं आत जाणार. तिथं समदे गमबूट घालत्यात."

गमबूट! मला आधी वाटलं, माझी टिंगल चालली आहे. गमबूट मी पाहिले होते ते महापालिकेच्या माणसांच्या पायात. डोंगर चढायला गमबूट घालतात हे मी बापजन्मी ऐकलं नव्हतं. पण गाइडच्या मेलमध्येही तेच होतं म्हणे, आणि मुलगी 'मी सांगत होते ना' अशा चेहऱ्यानं उभी होती. माझे नवे बूट खोक्यासकट कपाटात गेले.

रविवारी तिघी गमबूट घ्यायला गेलो. शेतीची अवजारं, खत, कुंड्या असलं सगळं मिळतं अशा एका मोठ्या दुकानात. ताईनं हिरवट रंगाचे घातले आणि एक पाय पुढे केला. माझी मुलगी चटकन खाली उकिडवी बसली आणि तिच्या बुटाचं टोक अंगठ्यानं दाबून बघायला लागली. बोटं कुठवर येतात, पुढे जागा किती. मी बघतच राहिले. हे मी करायचे. दर एप्रिलला, तिच्या शाळेचे बूट घेताना, असंच दुकानात खाली बसून, असंच अंगठ्यानं दाबून. ते तिला आठवत होतं म्हणायचं, पण पाय भलतीचा होता.

माझे बूट मीच दाबून बघितले. माझ्या मापात एकच रंग शिल्लक होता, पांढरा, मासळी बाजारात घालतात तसला. मुलीनं ओठ दाबून हसू आवरलं. मी म्हटलं, "हेच हवे होते मला."

ताईचं म्हणणं असं की गमबुटात चालायची पायांना सवय लागते, टाच आत सटकते, पिंढरीला रबर घासतं, तेव्हा महिनाभर तरी त्यात चालायचं. मग आमची रोज संध्याकाळी खाडीच्या कडेच्या बांधावर परेड. जपानी माणसं कुणाकडे टक लावून बघत नाहीत. पण भर उन्हात, कोरड्या सिमेंटवर, पांढरे गमबूट घालून चाललेल्या बाईकडे तीही बघतात. एक आजोबा तर कुत्र्याला घेऊन आकाशाकडे बघत थांबले, पाऊस येतोय की काय म्हणून.

मी मागे आणि त्या दोघी पुढे. नेहमी तसंच. मी पाय उचलून त्यांना गाठायला जावं तर त्या गप्प. जरा मागे पडले की पुन्हा सुरू. मुलगी खालच्या आवाजात काहीतरी म्हणायची, ताई मान हलवायची आणि हातानं ठेका धरल्यासारखं करायची. मग मुलगी पुन्हा तेच म्हणायची. शब्द वाऱ्यानं कुठल्या कुठे जायचे. पण मला काय ते कळायला शब्द लागत नव्हते. माझ्या पोरीला पढवणं चाललं होतं. बापापुढे काय बोलायचं, शाळेत काय सांगायचं, आईला कसं गुंडाळायचं, सगळं. मी एकदा पुढे जाऊन विचारलंच, "काय चाललंय?"

"बेत्सुनी," मुलगी म्हणाली.

"काही न्हाई वहिनी, चालण्याचं चाललंय," ताई म्हणाली आणि माझ्या पायांकडे बघून, "टाच दुखतीय व्हय? जाड मोजे घाला," असं वर सांगितलं. टाच दुखत होती. ती ओळखल्याचा मला आणखीनच राग आला.

गाइडनं एका संध्याकाळी आम्हाला कॉम्प्युटरवर भेटायला बोलावलं. तरुण मुलगा होता, मान उन्हानं भाजलेली, बोलणं अगदी हळू. मला वाटलं होतं अस्वलांचं सांगेल, पण तो अर्धा वेळ चिखलाबद्दलच बोलला. वाटेत पाणी दिसलं की त्याला वळसा घालायचा नाही. सरळ मधून जायचं. कडेनं गेलं की कडेची झुडपं पायाखाली जातात, मग पुढचा आणखी कडेनं जातो, आणि बघता बघता वाटेचा रस्ता होतो. तिथं उन्हाळा एवढासा, एकदा तुडवलेलं रोप वर्षानुवर्षं वर येत नाही. त्याचं बोलणं मला मराठीत कोण सांगत होतं? ताई. मुलगी तिच्या शेजारी बसून वहीत चित्रं काढत होती. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या मुलीनं सांगायचं ते मला शेजारीण सांगत होती.

वाटेत शौचालय नाही, हेही तेव्हाच कळलं. पिशवी न्यायची, आत पावडर असते, आणि जे काही होईल ते परत पाठीवरून आणायचं. हे ऐकून मी नवऱ्याकडे बघितलं. तो स्वयंपाकघरात जाऊन हसत होता. "अजून वेळ गेलेली नाही हं," तो म्हणाला, "राहा घरी." मी म्हटलं, "मेले तरी जाणार."

निघायच्या आदल्या दिवशी मी दशम्या केल्या. दुधात भिजवलेल्या, प्रवासाच्या, चार दिवस टिकणाऱ्या. बरोबर लसणाची चटणी, तेल घालून, दाबून डबीत भरलेली. मुलीला लहानपणी दशमी-चटणीशिवाय प्रवासच माहीत नव्हता. वर त्या दोघींचं ओनिगिरी करायचं ठरलंय हे मला माहीत होतं. कोरडा भात आणि समुद्री शेवाळ! म्हटलं, डोंगरात भूक लागली की बघू ती कुणाच्या डब्यात हात घालते.

शिरेतोकोला उतरलो तर जुलैच्या अखेरीस अंगात स्वेटर. डोंगरावर पांढरे पट्टे दिसत होते, ते ढग नव्हेत, बर्फ आहे, असं कुणीतरी सांगितलं. झाडं बुटकी, वाऱ्यानं वाकलेली, समुद्राचं पाणी शिशासारखं. समोरचं सगळं सुंदर होतं, मी नाही म्हणत नाही. पण मुलगी ते सगळं दाखवत होती ताईला.

मुक्कामाच्या जागी दुपारी गाइड आला आणि सगळ्यांच्या सॅक उघडून बघायला लागला. कोरडे मोजे, रेनकोट, पिशवी, अस्वलांना चाहूल लागावी म्हणून सॅकला बांधायची घंटा. माझी सॅक उघडली आणि खोलीभर लसणाचा वास सुटला. डबीतलं तेल पाझरून रेनकोटापर्यंत गेलं होतं. गाइड अतिशय अदबीनं म्हणाला की वास फार छान आहे. एवढं जपानी मला कळतं. मी खूश होऊन म्हटलं, "घ्या ना, चाखून बघा." मग मुलीनं कपाळावर हात मारला आणि ताईनं मला हळूच सांगितलं, "वहिनी, छान हाय ते अस्वलालाबी छान वाटंल. हे गाडीत ठेवून जायचं म्हणतोय तो." सगळे हसले. मीही हसले, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दशम्या, डबी, सगळं एका झाकणाच्या डब्यात बंद होऊन गाडीत गेलं. मुलीनं माझा रेनकोट साबणानं दोनदा धुऊन आणला.

मग गाइडनं बूट घालून जवळच्या ओढ्यातून तिघींना चालवून बघितलं आणि क्रम सांगितला. तो सगळ्यांत पुढे. त्याच्या मागे जो सगळ्यांत कच्चा असेल तो, म्हणजे त्याच्या पावलावर पाऊल टाकता येतं आणि सगळ्यांची चाल त्याच्या चालीनं ठरते. आणि शेवटी जो सगळ्यांत पक्का असेल तो, कारण मागे कुणाला काय झालं तर सांभाळायला. "ओकाआसान, तुम्ही माझ्या मागे," तो मला म्हणाला. ओकाआसान म्हणजे आई. चला, आई कोण हे इथं कुणाला तरी माहीत आहे, असं मला वाटतंय तोवर त्यानं पुढचं सांगितलं. माझ्या मागे ताई. शेवटी मुलगी.

"तिला शेवटी का?" मी ताईला विचारलं. "सतरा वर्षांची आहे ती. मी तिच्या मागे चालते."

ताईनं विचारून सांगितलं, "पाय तिचेच सगळ्यांत पक्के हायेत म्हणतोय. आपल्या दोघींपेक्षाबी."

म्हणजे दिवसभर मी पुढे तोंड करून चालायचं आणि माझ्या पाठीमागे त्या दोघी. अरुंद वाटेवर वळून बघायचीही सोय नाही. इतका महिनाभर टाच सोलून घेतली ती याच्यासाठी! मुलगी मोजे वाळत घालायला बाहेर गेली तेव्हा मी ताईला ओसरीत गाठलं.

"सरळ विचारते," मी म्हटलं. "तुम्ही तिला ठेवून घेणार आहात का?"

ती बुटांतला ओलसर कागद काढून कोरडा भरत होती. तिचा हात थांबला. "वहिनी, ते मी सांगायचं न्हाई. ती सांगंल. जरा थांबा."

जरा थांबा! माझी मुलगी मला काय सांगणार आणि कधी सांगणार, हे आता ही ठरवणार. माझ्या तोंडात असं काही आलं होतं की ते बोलले असते तर त्या इमारतीत पुन्हा तोंड दाखवायला जागा राहिली नसती. "तुम्हाला मूल नाही ना, म्हणून," एवढं बोलून मी थांबले. तेवढंही पुरे होतं. दोन्ही बुटांत कागद भरून झाला तशी तिनं माझे पांढरे बूट ओढले आणि त्यातही भरायला लागली.

सकाळी धुकं होतं. हातभर पुढचं झुडूप दिसत होतं, त्यापुढचं नाही. गाडीतून उतरल्यावर वाट सुरू होते तिथं गाइडनं पाण्याची बादली आणि ब्रश ठेवले होते. खालच्या गावाच्या मातीतून भलतं बी वर जाऊ नये म्हणून तळवे घासूनच आत जायचं. ताई आपले बूट घासून गाइडशी बोलत पुढे गेली. मी वाकले आणि मला एका पायावर तोल सावरेना. मुलीनं माझा हात आपल्या खांद्यावर ठेवून घेतला, माझा पाय उचलला आणि तळवा घासायला लागली. एक झाला, दुसरा घेतला. मग खाली बघतच म्हणाली,

"आई, मी पुण्याला येत न्हाई."

मला आधी कळेना, कोण बोललं. मराठी होती. माझ्या मुलीचा आवाज होता.

"शाळा मला हितंच संपवायची हाय. एक वर्ष. ताईकडं राहीन. मग कालेजचं बघू." एकेक शब्द सावकाश, उंबऱ्यावरून पाय उचलून टाकावा तसा. "तुला लई वाईट वाटंल, मला ठाऊक हाय. मलाबी वाटतंय गं."

बांधावर महिनाभर काय चाललं होतं ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तो हाताचा ठेका, ते पुन्हा पुन्हा म्हणणं. माझ्या लेकीच्या तोंडून एवढ्या वर्षांनी सलग मराठी आली, ती मला सोडून राहायचं सांगायला आली. आणि आली तीही कोल्हापूरची. 'लई' काय, 'ठाऊक हाय' काय, 'मलाबी' काय. एक शब्द माझा नव्हता त्यात. मला जे वाटलं ते सांगते. पोर हातची चालली याचं दुःख मागाहून झालं. आधी वाटलं, हे हिनं माझ्याकडून का नाही घेतलं?

"ताईनं शिकवलं?" मी विचारलं.

"मी विचारलं तिला. कसं म्हणायचं ते." मग तिला शब्द सापडेना. तिनं ब्रश बादलीत टाकला, डोळे मिटले आणि शोधून शोधून म्हणाली, "जपानीत सांगितलं तर तू म्हणतीस, मला कळलं न्हाई. म्हणून."

हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. हे तिचं तिनं जुळवलं होतं.

पुढून गाइडनं हाक मारली. ओकाआसान. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले, माझ्या मागे ताई आली, तिच्या मागे मुलगी. घंटा वाजायला लागल्या. पहिलं डबकं लगेचच आलं, काळं, गुळगुळीत, तळ न दिसणारं. पाय आत गेला आणि थंडी रबरातून हाडापर्यंत पोचली. उपसून काढला तर बूट चिखलात राहतो की काय असं वाटलं. दुसरं डबकं, तिसरं. मागे कुणी बोलत नव्हतं. महिनाभर माझ्यापुढे आणि डोक्यावर बडबडणाऱ्या त्या दोघी, आणि आज एक शब्द नाही. माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

मी मनात नाही म्हणून बघितलं. नाही म्हटलं असतं तर ती आली असती, मला माहीत होतं. नवऱ्यानं विषय बंद केलेलाच होता, मला काही करायचंही नव्हतं. गप्प बसले असते तरी मार्चमध्ये पोर विमानात माझ्या शेजारी बसली असती, खिडकीकडे तोंड करून. काय झालं गं? बेत्सुनी.

वाट चढाला लागली आणि बर्फाचा एक मळकट पट्टा आडवा आला. गाइड पुढे जाऊन टाचेनं पायऱ्या खणायला लागला. आम्ही तिघी एकीमागे एक थांबलो. मला मागचे दोन श्वास ऐकू येत होते, कुणाचा कुठला ते कळत नव्हतं.

"बाबांना मी सांगते," मी म्हटलं.